मीटरला वीस सेकंद

सकाळी साडेसहा. जानेवारीचं लखनवी धुकं खिडकीला चिकटून आहे. चारबाग स्टेशनच्या दिशेकडून इंजिनांचे भोंगे येतात. गाड्या आजही रखडलेल्या दिसतात. चहाचा कप घेऊन मी गच्चीवरच्या खोलीत जातो. तिथे आठ फुटी फळीवर माझी जंगलातली रेल्वे आहे. प्रमाण 1:87, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. आज रविवार. संध्याकाळी ओंडक्यांची गाडी वरच्या तळावर पोचवायची आहे.

सात. चिंधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रूळ पुसतो. चिंधीवर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत चिंध्या बदलत राहायचं. धावती गाडी मळक्या जागेवरून वेगाच्या जोरावर निघून जाते, मुंगीच्या पावलांनी जाणारी तिथेच थबकते.

साडेआठ. डब्यातून 'शे' बाहेर काढतो. मिशिगनमध्ये लाकडाचा धंदा करणाऱ्या इफ्रेम शे यांची ही रचना, पेटंट 1881 चं. ओहायोतल्या लायमा कारखान्याने 1945 पर्यंत अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बांधली. उजव्या कुशीला तीन उभे सिलिंडर, त्यांच्या खालून इंजिनभर लांब दांडा आणि दांड्यावरच्या दंतचक्रांनी फिरणारं प्रत्येक चाक. तोल राहावा म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला. सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं, म्हणून हे इंजिन कच्च्या, वाकड्यातिकड्या रुळांवरूनही चढतं. आपल्या माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांनी 1907 पासून 1:20 ची चढण पेलली. त्यांची युक्ती वेगळी, वळणावर त्यांचे टोकाचे आसच बाजूला सरकायचे. शेची अख्खी बोगी वळते आणि दांडा आपल्या सांध्यांत लांब-आखूड होतो. हा सांधा सरकताना मी कितीही वेळ बघत बसू शकतो.

साडेनऊ. टक्. थोडं पुढे, पुन्हा टक्. चाकाच्या दर फेरीला एकदा इंजिन लंगडतंय. उलटं करून मऊ फडक्यावर ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं. मधल्या बोगीतल्या एका दंतचक्राला केसाएवढी भेग. प्लास्टिकचं चक्र धातूच्या आसावर घट्ट दाबून बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं ताण सोसून ते तडकतं. भेगेपाशी दोन दातांमधली फट रुंदावते आणि समोरच्या चक्राचा दात तिथे येऊन अडखळतो. काळजात चर्र झालं. पण बदली चक्र जपून ठेवलं होतं. खालून हाक आली, "अहो, पोहे गार होताहेत." खाल्ले ते गारच. आस काढला, नवं चक्र हळूहळू दाबून बसवलं, दोन चाकांतलं अंतर मापलं, सुईच्या टोकावरून तेलाचा एक थेंब सोडला. त्यात दीड तास गेला.

साडेअकरा. घड्याळ लावून चाचणी. खरी शे ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने जायची. 1:87 मध्ये हा वेग सेकंदाला पाच सेंटिमीटर, म्हणजे मीटरला वीस सेकंद. पहिल्यांदा चौदा, मग सतरा. तिसऱ्या खेपेला वीस भरले. टक् नाही.

दुपार. वीज नव्हती, जेवून डुलकी काढली.

तीन. अंगणातल्या पेरूच्या छाटलेल्या काड्या. आठ मिलिमीटर जाडीची काडी म्हणजे सत्तर सेंटिमीटर घेराचा नव्हे, जाडीचा बुंधा. अमीनाबादेतून आणलेल्या बारीक साखळीने त्या वाघिणींवर आवळतो. असलं काम करताना मला या प्रांतातली खरी जंगलगाडी आठवते. महाराजगंज जिल्ह्यात लक्ष्मीपूरच्या एकमा डेपोची ट्रामवे 1924 मध्ये सुरू झाली आणि कित्येक वर्षं लाकूड वाहत राहिली. तराईची जमीन सपाट, तिथे दंतचक्रांच्या इंजिनाची गरज पडली नाही. पण तोडलेलं झाड रुळांवरून डेपोत येणं, हे तेच. त्या गाडीची एखादी वाघीण मला बनवायची आहे.

पाच. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा जिना चढून आला. पाच वाघिणी जोडल्या. चढण 1:16, मधे एक उलटं वळण. खंडाळ्याच्या घाटात 1863 पासून 1929 पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून पुढे जायची. माझ्या गाडीला इंजिन हलवायची गरज नाही, सांधा बदलून ती उलट्या दिशेने चढते. आवाजाने मात्र मुलगा चक्रावला. तीन सिलिंडर, क्रँकच्या एका फेरीत सहा फुसकारे, आणि चाक एकदा फिरायला क्रँकच्या दोनाहून जास्त फेऱ्या. ऐकावं तर मेल सुटलीय, पाहावं तर गोगलगाय.

"अंकल, ये इतनी धीरे क्यों चलती है?"

मी त्याच्या हातात घड्याळ दिलं आणि मीटरची खूण दाखवली. तो फळीच्या कडेला हनुवटी टेकून बसला. दांडा सांध्यातून सरकत, वळण घेत वर चालला. एकवीस सेकंद. गाडी तळावर पोचली तशी ओंडक्यांची साखळी एकदाच हलली.

"एक बार और, अंकल," तो म्हणाला. "और धीरे."