आज्ञावलीतील बुणगे

पानिपत म्हणताच मराठी मनाला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर यात्रेकरू, बायकामुले असे न लढणारे हजारो लोक होते. त्यांना बुणगे म्हणत. रसद तुटली, तेव्हा लढणाऱ्यांच्या घासात त्यांचाही वाटा होता. पण ती माणसे होती. त्यांना वाऱ्यावर सोडणे शक्य नव्हते. संगणकाच्या आज्ञावलीतही बुणगे शिरतात. मात्र त्या निर्जीव ओळी असल्याने त्यांना निरोप देता येतो.

आज्ञावली म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना. एकेका सूचनेस विधान म्हणतात. निरुपयोगी विधाने दोन प्रकारची असतात. ‘उत्तर देऊन काम संपव’ या विधानाच्या लगेच खाली लिहिलेल्या ओळीपर्यंत संगणक पोहोचतच नाही. हे अप्राप्य विधान होय. दुसऱ्या प्रकारात विधान पार पडते. पण फळात फरक पडत नाही. उदा., एखाद्या चलाला ५ ही किंमत दिली आणि ती वापरण्यापूर्वीच ७ ही किंमत दिली, तर पहिली ओळ व्यर्थ ठरते. हे अनावश्यक विधान होय.

अशा ओळींनी काय बिघडते? फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीने आयफोनमधील एक गंभीर दोष दुरुस्त केला. सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या भागात ‘तपासणी फसल्यास शेवटी जा’ अशी अट होती. त्यातील ‘शेवटी जा’ ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली. दुसऱ्या ओळीला अट लागू नव्हती. त्यामुळे संगणक तेथून थेट शेवटी जाई, स्वाक्षरीची पडताळणी राहून जाई आणि तरीही ‘ओळख पटली’ असे उत्तर येई. एका अनावश्यक ओळीने अत्यंत आवश्यक ओळी अप्राप्य केल्या होत्या.

म्हणून परीक्षण करताना अप्राप्य ओळ दिसताच ती खोडू नये. आधी विचारावे : ही ओळ खरोखर निरुपयोगी आहे, की तिची वाट कोणी अडवली आहे? वाट अडली असेल, तर अडथळा दूर करावा. ओळ निरुपयोगी असेल, तर ती काढून आज्ञावली पुन्हा तपासून पाहावी. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ती ठेवू नये. जुन्या आवृत्त्या जपून ठेवल्या असतील, तर ती तेथून परत मिळते. उरलेली प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे सांगता आले म्हणजे परीक्षण पूर्ण झाले.