रहस्यपटाची पहिली दोन मिनिटं
विद्यार्थ्यांचा सिनेमा : भाग ४

मागच्या भागात गोष्टीचा सांगाडा पक्का झाला. आता कॅमेऱ्याला हात लावण्याआधी एवढं ठरवा: सुरुवातीला प्रेक्षकाला काय कळू द्यायचं आणि काय दडवायचं? विद्यार्थ्यांचे किती तरी रहस्यपट पळणारे पाय, रक्ताचे डाग आणि कर्कश संगीताने सुरू होतात. प्रेक्षक दचकतो, पण त्याला प्रश्न पडत नाही. रहस्यपट चालतो तो प्रश्नावर.

श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ (२०१५) आठवा. पुण्यातला वर्दळीचा रस्ता, एका जागी रोवलेला कॅमेरा. बघता बघता बँक लुटून आलेले दोघं एका बाईच्या गाडीत घुसतात आणि तिच्या लहानग्यासकट गाडी पळवतात. संकटाची चाहूल तिला नसते, आपल्यालाही नसते. ऑर्सन वेल्सने ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये (१९५८) नेमकं उलटं केलं. डिकीत बॉम्ब ठेवलेला आपण आधीच पाहतो आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ, एकही कट न घेता, त्या गाडीच्या मागावर राहतो.

खिशात पैसे कमी असतील तर वेल्सची क्रेन नको, युक्ती घ्या. पात्रापेक्षा प्रेक्षकाला थोडं जास्त कळू द्यायचं, तर दोन हात आणि एक चिठ्ठी पुरते.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमधला जीन्सचा कारखाना घेऊ.

शॉट १ (२५ सेकंद): काळा पडदा, शिलाई मशीनची घरघर. मग सुई अगदी जवळून, निळ्या कापडावर नारिंगी दोऱ्याची टीप.

शॉट २ (२० सेकंद): दोन हात कमरपट्टीत घडीचा कागद सरकवतात आणि वरून टीप मारतात. या वेळी दोरा पांढरा. चेहरा दिसत नाही.

शॉट ३ (१५ सेकंद): पँट गठ्ठ्यात, गठ्ठा टेम्पोत. मशीनची घरघर लोकलच्या खडखडाटात विरते, ‘पुढील स्टेशन बदलापूर’ ऐकू येतं.

शॉट ४ (६० सेकंद): बदलापुरातलं घर. कॉलेजला निघालेल्या मुलीच्या कमरेला काहीतरी टोचतं. ती पट्टी चाचपते, सोडून देते, सॅक घेऊन निघते. बंद झालेल्या दारावर सिनेमाचं नाव.

तो पांढरा दोरा विसरू नका. शेवटी त्याच्यावरून मशीन सापडणार असेल, तर तो सुरुवातीलाच दिसायला हवा. नाहीतर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. कारखान्याच्या मालकाची परवानगी आधी घ्या. लोकल फक्त आवाजातून येते, म्हणून रेल्वेत चित्रीकरणाच्या परवानगीचा प्रश्नच उरत नाही. घोषणाही तुमच्यातल्याच कोणाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा.

अंबरनाथच्या शिवमंदिरापासून सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेली ती वास्तू भव्य आहे, पण संरक्षित स्मारक असल्याने तिथे पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. आणि तुमच्या गोष्टीचा प्रश्न त्या मंदिराशी जोडलेला नसेल, तर ते निव्वळ देखणं दृश्य ठरेल.

या आठवड्याचा गृहपाठ: चारही शॉटची चित्रं काढा, गोष्ट माहीत नसलेल्या मित्राला दाखवा आणि त्याला काय प्रश्न पडला ते विचारा. ‘चिठ्ठीत काय आहे?’ असं तो म्हणाला, तर चित्रीकरणाला लागा. ‘हे कोण लोक आहेत?’ असं म्हणाला, तर दुसरा शॉट पुन्हा आखा.

पुढच्या आठवड्यात: संशयितांची पहिली ओळख.