शेवटच्या नळाचा पिवळा रंग

धरणांच्या बातम्यांत टीएमसी हा शब्द आपण इतक्यांदा वाचतो, की त्यात नेमकं किती पाणी मावतं हे मोजायचं राहूनच जातं. एकदा मोजू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. जल जीवन मिशनने गावातल्या माणसासाठी ठरवलेलं किमान प्रमाण आहे रोजचे ५५ लिटर, म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या आसपास. भागाकार केला तर एका टीएमसीत चौदा लाख माणसांचं वर्षभराचं पिणं, अंघोळ, धुणीभांडी आणि संडास, सगळं भागतं. मुळशीच्या धरणात असे सुमारे १८ टीएमसी मावतात. अडीच कोटी माणसांची सोय!

आणि याच धरणाच्या तलावाभोवतीच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळा आला की हंडे बाहेर पडतात. इथल्या ताम्हिणी घाटात पुण्याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो, पण सह्याद्रीचा काळा पाषाण तो फारसा मुरू देत नाही आणि उतार त्याला थांबू देत नाही. ऑक्टोबरपर्यंत खळाळणारे झरे फेब्रुवारीत दम तोडतात. तलाव दिसतो, पण तो खाली आणि वस्ती वर. पाणी चढवायला पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेचं बिल भरायला ग्रामपंचायतीकडे पाणीपट्टी जमा व्हायला हवी. गंमत अशी, की खालचं पाणी साठवलं आहे तेच मुळी विजेसाठी. पूर्वेला पुण्याकडे वाहणारी मुळा इथे अडवली, तिचं पाणी पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडलं. १९२७ मध्ये तिथे वीज तयार होऊ लागली. या धरणापायी ज्यांच्या जमिनी गेल्या ते मावळे त्याआधीच, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. अभ्यासक राजेंद्र व्होरांनी या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. पाण्याचा हिशेब मागायचा, ही गोष्ट मुळशीला शिकवायला नको.

असा हिशेब आता जगानेही मांडला आहे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मान्य केलं, की २०३० पर्यंत प्रत्येकाला सुरक्षित पाणी आणि शौचालय मिळेल. ताज्या मोजणीनुसार जगात अजून सुमारे २१० कोटी माणसांकडे सुरक्षित पाणी नाही आणि ३४० कोटींकडे सुरक्षित स्वच्छतेची सोय नाही. दिलेल्या शब्दाचा जाब सरकारांनी, संस्थांनी आणि कंपन्यांनी एकमेकांना द्यावा, म्हणून २०१८ पासून एक जागतिक व्यवस्थाही चालू आहे. पण मुळशीत पाण्याची एक योजना उभी राहते तेव्हा तिच्यामागे केंद्र असतं, राज्य असतं, जिल्हा परिषद, ठेकेदार, ग्रामपंचायत, कधी हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी आणि वर्गणी भरणारे गावकरीही असतात. इतके भागीदार, की नळ कोरडा पडला तर नेमकं कुणाला धरायचं?

इथे मला थक्क करते ती एक काचेची नळी. नळाचं थोडं पाणी तिच्यात घ्यायचं आणि ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर एक तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेलीच नाही, किंवा वाटेतल्या घाणीशी झुंजताना क्लोरीन संपून गेला. म्हणून ही चाचणी टाकीपाशी करण्यात फारसा अर्थ नाही, ती शेवटच्या नळाला करायची. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला असेल तर त्याच्या अलीकडच्या सगळ्या पाइपलाइनची साक्ष मिळते. आणि मुळशीत शेवटचा नळ बहुधा कातकरी वाडीवर किंवा धनगरवाड्यावर असतो. नळ तिथवर पोचलाच असेल तर.

दुसरी नवलाई काळ्या रंगाची. विष्ठेतून येणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. लोहाशी गाठ पडली की त्याचं काळंकुट्ट आयर्न सल्फाइड बनतं. एवढ्याच रसायनावर ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक बाटली सुचवली. पाणी भरून ठेवा, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पिऊ नका. अशा चाचण्या करायला जल जीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच-पाच महिलांना शिकवायचं ठरलं. दिल्लीपासून गल्लीपर्यंतच्या सगळ्या आकड्यांना खोटं पाडायची ताकद त्या बाटलीत आहे.

आपल्या आरोग्य विभागाची कार्डंही मला अशीच लोभस वाटतात. पावसाळ्याआधी आणि नंतर गावातल्या विहिरी, टाक्या, गळत्या तपासून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. (नळीत पिवळं आलं तर चांगलं, कार्ड पिवळं आलं तर काळजी. सरकारी रंगसंगतीला आपला नमस्कार!)

शौचालयाचा हिशेब मात्र इतका सोपा नाही. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला तो २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणातल्या कुटुंबांच्या यादीवर. त्यानंतर वेगळी चूल मांडलेली घरं त्या यादीत नव्हती. ती पुढे वेगळी मोजावी लागली. शंभर टक्के म्हणजे कुणाचे शंभर, हे आधी विचारावं. शिवाय मुळशीच्या पावसात खड्डा विहिरीच्या जवळ खणला, तर शौचालय असूनही विष्ठा पाण्यात उतरतेच. दोन खड्ड्यांची पद्धत यासाठीच चांगली. एक भरला की बंद करायचा, तोवर दुसरा वापरायचा, आणि वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातून वास नसलेलं खत निघतं. इथून जवळच देहूला डॉ. एस. व्ही. मापुसकरांनी उभं आयुष्य या कामात घालवलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

जल जीवन मिशनची घरोघरी नळाची मुदत २०२४ होती, ती २०२८ झाली. मुदत वाढवण्याचा अधिकार दिल्लीला आहे, पण गाव ‘हर घर जल’ झालं हे प्रमाणित करण्याचा ठराव ग्रामसभेनेच करायचा असतो. तो ठराव सरपंचाच्या टेबलावरची नुसती सही नव्हे. तेव्हा तुमचं मतदान मुळशीत असो वा आणखी कुठल्या गावात, पुढच्या ग्रामसभेला जा. आपलं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, ओटी चाचणीची नोंदवही कुठे आहे आणि शेवटच्या नळाचं पाणी कधी तपासलं, हे तिथे विचारा. उत्तर मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नका.