नवा फोन आणि शेतकऱ्याचें दप्तर

अलीकडे आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पहिला स्मार्टफोन आला आहे. कोणाच्या मुलानें पुण्याहून आणून दिला, कोणीं सोयाबीनच्या पट्टीवर घेतला. फोन हातीं आल्यावर पहिला प्रश्न उद्भवतो तो असा कीं, यांत कोणकोणतीं ॲपें घालावीं? दुकानदारानें विचारलें असतां उत्तर देतां येत नाहीं, म्हणून तो आपल्या मर्जीप्रमाणें वीस-पंचवीस घालून देतो. पुढें महिनाभरांत फोन मंदावतो, आणि ज्या कामासाठीं तो घेतला तें काम गांवांतील एखाद्या चलाख पोराकडून करवून घ्यावें लागतें.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. त्या नजरेनें पाहतां हा फोन म्हणजे तलाठ्याची चावडी, बँकेची खिडकी व बाजार समितीचा फळा यांचें मिळून झालेलें एक लहानसें दप्तरच होय. दप्तर दुसऱ्याच्या हवालीं केलें म्हणजे त्यांत काय लिहिलें गेलें हें आपणांस मागाहून कळतें. म्हणून येथें थोडींच ॲपें सांगावयाचीं आहेत, आणि तींही शेतकऱ्यानें व घरच्या लक्ष्मीनें स्वतःच्या हातानें चालवावीं अशीं.

आरंभीं एक लहान काम करावें. फोनच्या सेटिंगमध्यें जाऊन भाषा मराठी करून घ्यावी. पुष्कळ जण इंग्रजी अक्षरांस भिऊन फोन दुसऱ्याच्या हातीं देतात. ती भीति याच एका कृतीनें निम्मी कमी होते. ज्यांस लिहिण्याचा सराव नाहीं त्यांनीं गूगलच्या कीबोर्डावर माइकचें चिन्ह असतें तें दाबून मराठींत बोलावें. फोन तें लिहून घेतो. ॲप घेतांना तें ‘प्ले स्टोअर’ मधूनच घ्यावें, आणि घेण्यापूर्वीं ॲपच्या नांवाखालीं बारीक अक्षरांत तें काढणाऱ्याचें नांव असतें तें वाचावें. ‘सातबारा’ हा शब्द घालून शोधल्यास खाजगी लोकांनीं काढलेलीं, सरकारी वाटावीं अशीं कितीतरी ॲपें समोर येतात.

आतां मुख्य ॲपाकडे वळूं. माझ्या मतें महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या फोनमध्यें सर्वांआधीं यावयास पाहिजे तें ‘ई-पीक पाहणी’ हें होय.

गांव नमुना ७ हा जमिनीवरील हक्काचा व नमुना १२ हा पिकांचा, आणि दोहोंचा मिळून सातबारा, हें वाचकांस ठाऊक आहेच. पूर्वीं तलाठ्यानें हंगामांत शिवारांत फिरावें, कोणत्या गटांत काय उभें आहे हें डोळ्यांनीं पाहावें व नमुना १२ मध्यें लिहावें, असा नियम होता. परंतु एका सज्जांत अनेक गांवें, त्यांत वसुली, निवडणुका, पंचनामे. तेव्हां कित्येक ठिकाणीं गतवर्षींचेंच पीक पुढें ओढलें जाई, हें दप्तरांत बसलेल्या कोणासही सांगावयास नको. ऊस लावून दोन वर्षें झालीं तरी उताऱ्यावर ज्वारीच उभी!

१५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी राज्यभर खातेदाराच्या हातीं आली. त्यानें फोन घेऊन शेतांत जावयाचें, ॲपमध्यें आपला गट निवडावयाचा, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख व पाण्याचें साधन भरावयाचें, आणि उभ्या पिकाचें छायाचित्र काढावयाचें. फोन उपग्रहांच्या साहाय्यानें जागा ओळखतो, म्हणून हें काम घरच्या ओट्यावर बसून होत नाहीं, आणि त्याकरितां फोनमधील ‘लोकेशन’ चालू ठेवावें लागतें. शिवारांत रेंज नसेल तर भरलेली माहिती फोनमध्यें साठून राहते. गांवांत परतल्यावर ती ‘अपलोड’ करावयाची असते. येथेंच पुष्कळांचें काम अर्धवट राहतें. छायाचित्र काढलें म्हणजे काम संपलें असें समजून ते फोन खिशांत घालतात, आणि मुदत निघून जाते.

क्षेत्र भरतांना विशेष जपावें. आपण बोलतों एकर-गुंठ्यांत. दप्तर चालतें हेक्टर-आरमध्यें. एक एकर म्हणजे सुमारें ४० आर, अर्थात् ०.४० हेक्टर. एक एकर तुरीपुढें नुसता ‘१’ लिहिला तर तो एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, समजला जातो. आणि गटाचें क्षेत्रच तेवढें नसेल तर ॲप अडून बसतें. पोटखराब क्षेत्र पिकाखालीं धरूं नये. खातें सामाईक असेल तर प्रत्येक खातेदारानें स्वतः कसत असलेल्या क्षेत्रापुरतीच नोंद करावी. भावाभावांत आधीं बोलणें झालेलें बरें, नाहीं तर जो पहिला भरील तो सगळें क्षेत्र आपल्या नांवें भरून मोकळा होतो. सोयाबीनमध्यें तूर असेल तर मिश्र पीक म्हणून दोन्हीं दाखवावीं. बांधावरील झाडें व विहीर यांचीही नोंद करण्याची सोय आहे. नोंद चुकल्यास ४८ तासांच्या आंत खातेदारास ती स्वतः दुरुस्त करतां येते. मागाहून ‘गावाची पीक पाहणी’ उघडून आपलें नांव आलें आहे कीं नाहीं हें एकदां पाहावें.

एवढें सविस्तर लिहिण्याचें कारण असें कीं, या रकान्यावर प्रत्यक्ष पैसा अवलंबून असतो. २०२३ मध्यें भाव कोसळल्यावर राज्य सरकारनें १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळांत विकलेल्या लेट खरीप कांद्यास क्विंटलमागें ३५० रुपये, एका शेतकऱ्यास २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलें. त्यास अट होती सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची. कांदा पिकविला, बाजारांत नेला, विकल्याची पावतीही हातांत. पण उताऱ्यावर कांदा नाहीं, अशा शेतकऱ्यांची त्या वेळीं मोठी धांदल उडाली. ओरड झाल्यावर स्थानिक समितीकडून खातरजमा करून घेण्याची वाट काढावी लागली. हमीभावाच्या खरेदीस व पीककर्जासही उताऱ्यावरील पीक पाहिलें जातें. खातेदारानें पाहणी न केल्यास त्याची मुदत संपल्यावर गांवचा सहायक उरलेलीं शेतें भरतो हें खरें. परंतु आपल्या शेताची माहिती आपल्यापेक्षां त्यास अधिक असण्याचें कारण नाहीं. मुदत दर हंगामास जाहीर होते. ती तलाठ्यास, म्हणजे ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांस, विचारून भिंतीवरील कालनिर्णयावर खूण करून ठेवावी.

सातबारा नुसता पाहावयाचा असेल तर ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. मात्र ती प्रत केवळ माहितीपुरती. कामकाजास लागणारा डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो व त्यावर पुन्हां शिक्का मारून आणण्याची गरज नाहीं. फेरफार झाल्यावर, आणि एरव्हींही वर्षांतून एकदां, उतारा उघडून पाहण्याची सवय ठेवावी.

दुसरें ॲप पैशाचें. बँकेच्या खात्यास जोडून चालणारीं अशीं ॲपें अनेक आहेत. नवख्यानें ‘भीम’ पासून आरंभ करावा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें तें ३० डिसेंबर २०१६ रोजीं आणलें, तें मराठींत चालतें व त्यांत जाहिरातींचा गलबला कमी. याचें मर्म एवढेंच कीं, पिन ही आपली सही आहे. पैसे देतांना पिन लागते; पैसे येण्यास ती कधींच लागत नाहीं. ‘तुमचें अनुदान जमा करतों, पिन दाबा’ असें जो सांगतो तो चोर समजावा, मग तो कितीही गोड व शुद्ध मराठी बोलो. तद्वतच माल विकल्यावर व्यापाऱ्यानें आपल्या फोनवर ‘पैसे गेले’ असें चित्र दाखविलें तरी गाडी सोडूं नये. आपल्या खात्यांत रक्कम आल्याचें आपल्या फोनवर पाहावें. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसतां त्याच क्षणीं १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत व तेथून तिसऱ्यांत पळत असतो; तो वाटेंत अडविला जाण्याचा संभव पहिल्या कांहीं तासांतच अधिक असतो.

याच प्रकारांतील आणखी एक सापळा. पी. एम. किसान योजनेच्या नांवानें व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, तिच्या नांवाच्या शेवटीं ‘एपीके’ अशीं अक्षरें असतात. ती दाबली कीं परकें ॲप फोनमध्यें शिरतें, बँकेचे संदेश वाचूं लागतें, आणि खातें रिकामें होतें. ही फाइल सख्ख्या मेहुण्याच्या क्रमांकावरूनही येऊं शकते, कारण आधीं त्याचाच फोन फसलेला असतो. योजनेचें अधिकृत ॲप प्ले स्टोअरवर आहे. चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय त्यांत २०२३ पासून झाली आहे. वर्षाचे सहा हजार रुपये तीन हप्त्यांनीं मिळावयाचे, त्यासाठीं कोणासही शुल्क द्यावें लागत नाहीं.

‘पांच मिनिटांत कर्ज’ देणाऱ्या ॲपांस तर दारांतही उभें करूं नये. तीं आधीं फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक व फोटो पाहण्याची परवानगी मागतात, आणि हप्ता चुकला कीं त्याच क्रमांकांवर बदनामी सुरू होते. रिझर्व्ह बँकेनें २०२२ मध्यें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें कर्जाच्या ॲपास संपर्कयादी व फोटो पाहण्यास मनाई आहे. तेव्हां जें ॲप तें मागेल तें तेथल्या तेथें काढून टाकावें. सावकाराची वही निदान आपणांस दिसत तरी होती.

हवामानासाठीं ‘मेघदूत’. भारतीय हवामान खातें, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था व भारतीय कृषि अनुसंधान परिषद यांनीं मिळून तें २०१९ मध्यें काढलें. पुढील पांच दिवसांचा अंदाज व मंगळवारीं-शुक्रवारीं पिकांविषयींचा सल्ला मराठींत मिळतो. अंदाज मोठ्या क्षेत्राचा असतो, आपल्या बांधाचा नव्हे. तरी फवारणी आज करावी कीं परवां, एवढें ठरविण्यास तो पुरतो. त्याच पुण्याच्या संस्थेचें ‘दामिनी’ हें ॲप आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरांतील विजेची सूचना देतें. मराठवाडा व विदर्भ या भागांत वीज पडून दरवर्षीं माणसें व जनावरें दगावतात, आणि तीं बहुधा झाडाखालीं आडोशास उभीं असतां. हें ॲप आकारानें लहान आहे. गुराख्याच्या फोनमध्यें दुसरें कांहीं नसलें तरी हें असावें.

बाजारभाव पाहण्यासाठीं केंद्राचें ‘ई-नाम’ आहे. राज्याच्या कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही भाव मिळतात. तेथें किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर दिलेले असतात. आपण कमाल दर वाचून गाडी भरतों, हें बरोबर नाहीं. तो दर दोन-चार निवडक गोण्यांचाही असूं शकतो. सर्वसाधारण दर पाहावा, किती आवक झाली तें पाहावें, आणि त्यांतून हमाली-तोलाई व गाडीभाडें वजा करून मग दूरचा बाजार परवडतो कीं जवळचा हें ठरवावें.

पानावरील रोगाचें छायाचित्र पाहून निदान सांगणारीं ॲपेंही आहेत, त्यांत ‘प्लँटिक्स’ प्रसिद्ध आहे. त्याचा उपयोग तर्कापुरता करावा. अन्नद्रव्याची कमतरता व रोग यांचीं पानें पुष्कळदां सारखींच दिसतात, आणि चुकीच्या औषधाचा खर्च ॲप भरून देत नाहीं. खातरी करण्यासाठीं किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट क्रमांक सकाळीं ६ ते रात्रीं १० पर्यंत चालतो व मराठींत बोलतो.

आधार, पॅन, वाहनाचा परवाना इत्यादि कागद ‘डिजिलॉकर’ मध्यें ठेवतां येतात. तेथें संबंधित खात्याकडून आलेला कागद मुळाप्रमाणेंच ग्राह्य धरला जातो. आपण स्वतः फोटो काढून चढविलेल्या कागदास मात्र ती योग्यता नाहीं. एवढीं ॲपें झालीं म्हणजे फोनमध्यें जागा पुरते, फक्त व्हॉट्सॲपवर रोज येणारीं सुप्रभाताचीं फुलें आठवड्यानें पुसून टाकीत जावें.

शेवटीं फोन हरविण्याचा विचार. फोनला कुलूपाचा क्रमांक घालावाच, आणि तो भीमच्या पिनेहून निराळा असावा. फोन हातांत आहे तोंच *#०६# हीं चिन्हें दाबावीं; पंधरा आंकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो खरेदीच्या पावतीवर लिहून पावती सातबाऱ्याच्या बासनांत ठेवावी. फोन गेल्यास पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’ या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर हा क्रमांक दिला कीं, तो फोन देशांत कोठेंही चालूं नये अशी व्यवस्था होते. आपल्या नांवावर एकंदर किती सिमकार्डें चालू आहेत हेंही तेथेंच दिसतें. आपण न घेतलेलें एखादें दिसल्यास तें तेथूनच बंद करण्याची मागणी करतां येते.