यंत्राचा कान आणि आपला ‘प’

खांडबारा हे नंदुरबार जिल्ह्यातील, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. या भागातील कित्येक मुलांच्या घरी मावची, कानांवर मराठी-गुजराती आणि शाळेत प्रमाण मराठी. त्यात २००० सालापासून राज्यभर पहिलीपासून इंग्रजी आले. अशा एखाद्या मुलाने फोनसमोर ‘पिन’ असे वाचले आणि पडद्यावर ‘बिन’ उमटले, तर चूक कोणाची?

तोंडासमोर तळहात धरून आधी ‘का’ व मग ‘खा’ म्हणून पाहा. ‘खा’ म्हणताना हाताला हवेचा झोत लागतो. इंग्रजी मातृभाषा असणारे लोक शब्दाच्या आरंभीचे प, ट, क असा झोत सोडूनच उच्चारतात. आपला ‘प’ झोताविना असतो. ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक आपण स्वरतंतूंच्या कंपनावरून ओळखतो. इंग्रज कान मुख्यतः झोत शोधतो. तो मिळाला नाही की त्याला ‘ब’ वाटू शकतो.

यंत्राचेही असेच होते. ते आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेला किती ऊर्जा आहे हे मोजते आणि आधी ऐकलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. बेल प्रयोगशाळेतील १९५२ चे ‘ऑड्री’ यंत्र फक्त अंक ओळखत असे, तेही ओळखीच्या आवाजातले. २०२२ साली आलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकली. पण तास वाढले म्हणजे सगळ्यांची बोली त्यात आली, असे नव्हे. अमेरिकेतच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच कंपन्यांच्या प्रणालींनी गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका केल्या, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच!

उलट बाजूही आहे, आणि शिक्षकाला ती अधिक फसवते. यंत्र नुसते ऐकत नाही, अंदाजही बांधते. मागचेपुढचे शब्द पाहून ते अस्पष्ट शब्द भरून काढते. मूल ‘शी गो’ म्हणाले तरी ते ‘शी गोज’ लिहू शकते. पत्र सांगून लिहवून घ्यायला हे सोयीचे. चूक शोधायला मात्र निरुपयोगी.

म्हणून वाचन तपासणारी प्रणाली निराळी लागते. मूल कोणता उतारा वाचणार हे तिला आधीच ठाऊक असते. कोणता शब्द गाळला, बदलला, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, हे ती पाहते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. प्रीती राव व सहकाऱ्यांनी घडवलेली ‘तारा’ अशीच आहे. केंद्रीय विद्यालयांतील मुलांचे हिंदी व इंग्रजी वाचन तपासण्यासाठी ती वापरली गेली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. फोनच्या श्रुतलेखनाची भाषा इंग्रजी ठेवून मुलांना ‘पिन’, ‘टेन’, ‘कोट’ हे शब्द सुटे म्हणायला सांगा. मग तेच शब्द वाक्यात घालून म्हणवून घ्या आणि पडद्यावर आलेले दोन्ही वेळचे शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. सुट्या शब्दांत बिघडलेले किती शब्द वाक्यात सुधारले, ते मुलांनाच मोजू द्या.