ठोकळ्यांची मालगाडी

मुलांनो, आपल्या बोईसर स्टेशनातून मालगाड्या जातात. तशी गाडी प्लास्टिकच्या ठोकळ्यांची करता येते, पण माप पाहिजे.

मोठा कंटेनर ४० फूट लांब नि ८ फूट रुंद असतो. म्हणजे लांबी रुंदीच्या पाचपट. ठोकळ्यावरचं एक गोल बटण म्हणजे २ फूट धरा. मग कंटेनर २० बटणं लांब आणि ४ बटणं रुंद होतो. आखूड केला तर नुसता खोका दिसतो.

खऱ्या वाघिणीला ८ चाकं असतात, पुढे ४ आणि मागे ४. चार-चार चाकांचे हे दोन्ही गाडे फिरते ठेवा. घट्ट बसवले तर लांब वाघीण वळणावर रुळावरून उतरते. का? रूळ वळतो, वाघीण वळत नाही. गाडे मात्र वळतात.

शेवटी गार्डाचा डबा जोडा.

– इयत्ता ४ थी, बेटेगाव