तापात माणूस बरळू लागला, तर...

पावसाळ्यात भाताच्या खाचरांत लावणी सुरू झाली की पालघर जिल्ह्यातील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. बहुतेकांचा ताप काही दिवसांत उतरतो. मात्र चिखलात उघड्या जखमेतून झालेला लेप्टोस्पायरोसिस, बोईसर-तारापूरच्या कारखान्यात कापलेल्या हातात झालेला पू, न्यूमोनिया किंवा लघवीच्या मार्गातील संसर्ग, यांपैकी कशातूनही सेप्सिस उद्भवू शकतो. संसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना इजा करतो, ती ही अवस्था. 'लॅन्सेट'मधील २०२० च्या अभ्यासानुसार, २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी निगडित १ कोटी १० लाख मृत्यू झाले.

आधी भडका, मग थकवा

जंतू शिरताच प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. गंभीर सेप्सिसमध्ये त्यांचा भडका उडतो. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब घसरतो, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात. त्याच वेळी दुसरी पडझडही सुरू असते. लिम्फोसाइट पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि मोनोसाइट पेशींची इतर पेशींना शत्रूची ओळख करून देण्याची क्षमता घटते. म्हणूनच पहिला संसर्ग आटोक्यात आलेला रुग्ण अतिदक्षता विभागात दुसऱ्या संसर्गाला बळी पडू शकतो.

मेंदूत काय घडते?

मेंदू बिघडण्यासाठी जंतूंनी तिथवर पोहोचावेच लागते असे नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला संरक्षक पडदा झिरपू लागतो, मेंदूतील मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशी चेततात, रक्तपुरवठा अपुरा पडतो. मग रुग्ण बरळतो, माणसे ओळखत नाही, नळ्या उपसतो. काही जण उलट गप्प, सुस्त होतात. 'झोप लागली आहे, झोपू द्या' असे म्हणून नेमके हेच रुग्ण दुर्लक्षिले जातात.

अशा वागण्याचा अर्थ कुणी दारूशी जोडतो, कुणी बाहेरच्या बाधेशी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून मोठे रुग्णालय गाठायलाच वेळ लागतो, त्यात असा उशीर जिवावर बेततो. सेप्टिक शॉकची शंका असल्यास पहिल्या तासाभरात प्रतिजैविक द्यावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

घरच्यांनी काय करावे?

ताप किंवा चिघळलेली जखम असताना बोलण्यात असंबद्धता, धाप, हातपाय गार पडणे किंवा लघवी कमी होणे, यांतले काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वृद्धांमध्ये ताप नसतानाही हे घडू शकते. गुंगीतील माणसाला पाणी किंवा औषध पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. 'कालपर्यंत नीट बोलत होते, आज पहाटेपासून असे झाले' ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. मधुमेह असल्यास तेही सांगावे, कारण साखर उतरल्यानेही माणूस बरळतो.

घरी परतल्यावरही विसरभोळेपणा, चिडचिड, अशक्तपणा राहू शकतो. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या २०१० च्या एका अभ्यासात मध्यम ते तीव्र बौद्धिक क्षीणतेचे प्रमाण गंभीर सेप्सिसपूर्वी ६.१ टक्के होते, नंतर ते १६.७ टक्के आढळले. त्यामुळे अशा माणसाला 'आळशी झाला' असे हिणवू नये. गोळ्यांच्या वेळा घरच्यांनी सांभाळाव्यात, यंत्रावरच्या किंवा उंचीवरच्या कामावर परतण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पुन्हा ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.